खारींची जाहीर माफी

आमच्या सांगवीच्या केळीच्या बागेतल्या समस्त खारींची मी जाहीर माफी मागते.

झालं असं, की मी सासऱ्यांकडून, म्हणजे आबांकडून, उसातलं एक एकर मागून घेतलं. तिथं केळी लावली, ठिबक बसवलं. ड्रममध्ये कालवलेलं खत पाण्याबरोबर थेट झाडाच्या बुडाशी जाऊ लागलं. आबांचा जन्म सऱ्या तुडुंब भरण्यात गेलेला.

"ह्ये काय पाणी म्हणायचं? जमिनीला घाम आल्यागत!"

"आबा, तेवढंच लागतं."

"बरं. पर बाग फसली की नळ्या गुंडाळायच्या आन् हितं परत ऊस. कबूल?"

"कबूल!" (शेळगावची लेक मी, माघार कशी घेणार?)

शुगर असल्यामुळं आबांना चहाही मी मोजूनच द्यायचे. अर्धा कप, बिनसाखरेचा! त्यामुळं माझ्या मोजमापावर त्यांचा आधीच राग होता.

काही महिने झाडं जोमात होती. मग शेवटच्या ओळी पिवळ्या पडायला लागल्या. नळ्या तपासल्या, तर रस्त्याकडच्या ओळींना भोकंच भोकं! पाणी आणि खत तिथंच भसाभसा सांडत होतं, पुढं काही पोचतच नव्हतं.

"खार!" मी निदान केलं.

नवरा म्हणाला, "खार येवढं गोल भोक पाडती?"

"तुमाला काय कळतंय खारीतलं?"

मी भोकं बुजवली. शेंगदाणे ठेवून सापळा लावला (शेंगदाणे गेले, सापळा राहिला). शेजारच्या तात्यांचं मांजर दुधाचं आमिष दाखवून बागेत आणलं, ते दूध पिऊन घरी गेलं. शेवटी आबांनाच राखणीला बसवलं. बाज दिली, काठी दिली, वेळ जावा म्हणून फाटकी पोती आणि ती शिवायला दाभणही दिलं. आठवड्यात भोकं दुप्पट!

एका सकाळी मी खत सोडायला जरा लवकर गेले. बघते तर आबा केळीच्या बुडाशी उकिडवे बसून नळीत दाभण खुपसतायत आणि झाडाशी बोलतायत, "पी रं बाबा, पोटभर पी. ती सूनबाई मोजूनच देती. माझं बी त्येच हाल हायेत."

"आबा! तुमी?"

"मग काय करू? लेकरांगत वाढल्यात. उपाशी बघवंना गं."

"पण तुमाला तर बाग मोडून ऊस लावायचा व्हता!"

"मोडायची? कोण मोडतंय बघतोच!" आबांनी काठी उचलली.

मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या भोकांना बुचं मारली. पिवळ्या ओळी हळूहळू सावरल्या. बाग निसवली, केळफुलं बाहेर पडली, घड असे लोंबले की झाडांना टेकू द्यावे लागले. आता पाहुणे आले की आबाच त्यांना बाग दाखवतात. "थेंब थेंबच द्यायचं आसतं. जास्तीनं मुळ्या कुजत्यात," असं मलाच ऐकवतात!

बागेत आता एकही भोक नाही. घरातली साखर मात्र महिना भरायच्या आत संपते आणि आबा चहाला अजिबात नाक मुरडत नाहीत. मी ताबडतोब बंदोबस्त केला. साखरेच्या डब्यावर या खेपेला अगदी विश्वासातला माणूस राखणीला ठेवला, आबांचा लेक.

तरी डबा रिकामाच. खारच असणार, दुसरं कोण!