कुठलंही बटण

मतदानयंत्रावर 'नोटा'चं बटण यायच्या आधीची गोष्ट. वारज्याच्या शाळेत मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते. सत्तरीचे असावेत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. वर्गाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. तसं दुसरं कोणी केलं नव्हतं.

बोटाला शाई लागली, रजिस्टरात सही झाली, आणि ते अधिकाऱ्याला शांतपणे म्हणाले, "मला यातल्या कुणालाच मत द्यायचं नाही. नियमाप्रमाणे तसं लिहून घ्या."

"मग आलात कशाला?"

"घरी बसलो असतो, तर तुम्ही मला आळशी धरलं असतं."

अधिकारी पुस्तिका चाळू लागले. नियम काही सापडेना. रांग चुळबुळायला लागली. मला हिंजवडीची कंपनीची बस गाठायची होती. मी म्हणालो, "आजोबा, कुठलंही बटण दाबा आणि मोकळे व्हा की."

त्यांनी वळून पाहिलं. रागावले नव्हते.

"अहो, इतकी वर्षं तेच करत आलो."

शेवटी रजिस्टरात एक ओळ लिहिली गेली. तिच्याखाली त्यांनी सावकाश सही केली, बाहेर येऊन चपला घातल्या आणि शाई लावलेलं बोट रुमालाने पुसत गेले. शाई काही निघत नव्हती.

मग माझ्या बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्रावर नावांची लांब यादी होती. ती मी वाचली नाही. घड्याळ पाहिलं आणि कुठलंही बटण दाबलं.