आक्काने टाकून दिलेले दाणे

गोदामात आक्काला सगळ्या बायका 'चाळणी' म्हणायच्या, तेही तोंडावर. आक्काला त्याचा राग नव्हता. उलट कुणी चुकून नुसतं 'आक्का' म्हटलं तर ती विचारायची, "का गं, आज बरं नाही का तुला?"

गोदाम शेंगदाण्याचं. लांबलचक खोली, मधोमध सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना स्टुलांवर बायका आणि डोक्यावर ट्यूबलाइटी. पट्ट्यावरून दाणे वाहत येत. काळपट, सुरकुतलेला, हिरवट लव धरलेला दाणा दिसला की चिमटीत धरायचा आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकायचा. काम एवढंच. पण एवढंच म्हणणाऱ्याने एक दिवस बसून दाखवावं! संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत दाणेच वाहत असतात. आक्का या सगळ्यांची मुकादमीण, आणि तिच्या समोरून बुरशीचा दाणा पुढे गेला असं कधी झालं नव्हतं.

बुरशीचं विष मोठं लबाड. दाणा भाजा, तळा, दळा, ते जागचं हलत नाही. वास येईल असंही नाही, चव बदलेल असंही नाही. खाणारा मिटक्या मारत खातो आणि विष मुकाट्याने यकृतावर जाऊन बसतं. दुसऱ्या कुठल्यातरी गोदामातून टाकाऊ माल गुपचूप बाजारात गेल्याचं मालकांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी नियमच केला. दिवसभराचे टाकाऊ दाणे मागच्या शेडमध्ये ओतायचे, त्यांच्यावर निळा रंग टाकायचा आणि मग पोती वीटभट्टीत जाळायला पाठवायची. निळे दाणे कोण खाणार?

रंग टाकायचं काम आक्काचं. तिचे हात कोपरापर्यंत निळे. भाजीवाला विचारायचा, "काय आक्का, आज आभाळ रंगवायला गेला होतात का?" संध्याकाळी मालक गाडीत बसताना काच खाली करून विचारत, "रंग पडला?" आक्का म्हणे, "पडला." झालं. कागद नाही की सही नाही. आक्काचा शब्द म्हणजे शब्द, हे मालकांनाही माहीत होतं.

याच गोदामात आक्काचा धाकटा भाऊ मागच्या शेडवर होता. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी आक्कासाठी तो छोट्याच. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. आक्काने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आलेली दोन स्थळं त्याच्यापायी परत पाठवली आणि पुढे स्वतःच्या शब्दावर या नोकरीला लावलं. छोट्या हुशार निघाला. घरामागे त्याने चक्की टाकली, गोदामातले बारीक पण चांगले दाणे विकत घेऊन पीनट बटर करू लागला. त्याचे डबे गल्लीगल्लीतल्या दुकानांत दिसू लागले. आक्का दुकानात जाऊन काही घ्यायचं नसलं तरी त्या डब्यांकडे बघून यायची. कौतुकच तसं होतं.

एक दिवस छोट्या म्हणाला, "आक्का, तुझ्या हातांची काय दशा झालीय बघ. सालं निघतायत. उद्यापासून रंग मी टाकत जाईन. तू आपली दाराशी मालकांना सांग, की पडला."

आक्काचे डोळे भरून आले. घरी जाऊन तिने नवऱ्याला तीनतीनदा सांगितलं, "भाऊ असावा तर असा."

नवरा म्हणजे मास्तर. कपडे शिवायचा. माणूस सरळ, पण मानी इतका की लग्नात सासरकडून आलेलं घड्याळ त्याने दुसऱ्या दिवशी परत पाठवलं होतं. मास्तरांना कावीळ झाली आणि त्या दुखण्याने त्यांना पार चिपाड करून सोडलं. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी आक्काला बाजूला घेतलं. "यकृत कसंबसं सावरलंय. आणखी एक धक्का बसला तर माझ्या हातात काही नाही. खाण्यापिण्याला जपा." तेव्हापासून आक्का पाणीसुद्धा दोनदा उकळायची. छोट्या दर आठवड्याला पीनट बटरचा एक डबा हातात ठेवायचा. "दाजींना यातलंच दे हं आक्का. ताकद येईल." पावाला ते लावून मास्तर सकाळ-संध्याकाळ खात. तरी गेले काही दिवस त्यांना पुन्हा थकवा वाटत होता, जेवण जात नव्हतं. हवा बदललीय, आक्का मनाला समजावत होती.

आणि मग ती ताडपत्रीसाठी मागच्या शेडमध्ये गेली. खूप दिवसांनी गेली. भिजलेला माल आला होता, बादल्या भराभर भरत होत्या, झाकायला काही नव्हतं. ताडपत्री ओढताना तिचा पाय एका डब्याला लागला. रंगाचा डबा. तिने स्वतः शेवटचं झाकण लावलं होतं तोच. झाकण गंजून डब्याला चिकटलं होतं, वर कोळ्याने जाळं विणलं होतं. शेजारी शिवून ठेवलेली पोती. तिने एका पोत्याची शिवण उसवली. तिनेच चिमटीत धरून टाकलेले दाणे, काळे, लव धरलेले. निळा ठिपकासुद्धा नाही.

बाहेर टेम्पोवाला विडी ओढत उभा होता. आक्काने विचारलं, "ही पोती वीटभट्टीवर ना रे?"

"वीटभट्टी?" तो हसला. "तिकडचा रस्तासुद्धा विसरलो मी, आक्का. तुमच्या भावाच्या चक्कीवरच टाकतो की नेहमी. तुम्हाला माहीत नाही?"

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं. ती तशीच चक्कीवर गेली. छोट्या डब्यांना झाकणं लावत होता.

"दाजींना काय खायला घालतोयस तू?" तिने दारातूनच विचारलं.

छोट्याने हातातलं झाकण खाली ठेवलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "आत ये. ओरडू नकोस. अगं, एवढा माल नुसता जाळायचा? चांगल्यात थोडा थोडा मिसळतो. कुणाला कळतंय? आजवर कुणाचं पोट तरी दुखलं?"

"दाजींच्या डब्यात?"

"छे! आईची शपथ. तुमचा डबा मी वेगळा काढतो. निवडून, चांगल्या दाण्यांचा. आमच्या घरात जो, तोच तुमच्या. एवढा नीच नाही मी, आक्का."

आक्काचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. घराला वेगळा डबा काढतो, म्हणजे दुकानातल्या डब्यात काय आहे ते याला पक्कं ठाऊक होतं. आणि हातांची ती माया? ती सगळी रंगाच्या डब्याजवळून तिला हुसकायला! सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि ती गल्लीभर त्याचं कौतुक सांगत फिरत होती.

"मालकांना सांगते," ती म्हणाली.

"सांग ना. पण रंग पडला, रंग पडला, हे रोज कोण सांगत होतं? मी नाही सांगितलं. तू सांगितलंस."

ती घरी आली तेव्हा मास्तर खिडकीशी बसून पाव खात होते. तिने भडाभडा सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "निदान आपल्याला तरी चांगलं दिलं हो त्याने. तेवढी तरी बुद्धी ठेवली देवाने."

मास्तरांनी हातातला पाव हळूच ताटलीत ठेवला.

"अगं," ते म्हणाले, "त्याने दिलेले डबे मी खालच्या पोस्टमनला देतो."

"म्हणजे?"

"मेव्हण्याचं फुकटचं किती खायचं? मला नाही पटत. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणतो. त्याचाच माल आहे, त्यालाही गिऱ्हाईक होतं."

आक्काने त्यांचा चेहरा धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला. डोळ्यांतल्या पांढऱ्यावर पिवळा रंग चढला होता. ट्यूबच्या उजेडात तो तिला दिसला नव्हता. अख्ख्या गोदामाची चाळणी, आणि घरातलं तिला दिसलं नाही.

"चला, कपडे घाला. आधी दवाखाना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मास्तरांना ठेवून घेतलं. रक्त तपासायला घेतलं आणि सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले. मग आक्का मास्तरांनी दुकानातून आणलेला अर्धा डबा पिशवीत घेऊन भावाच्या घरी गेली. छोट्या जेवायला बसला होता, भावजय वाढत होती.

"या आक्का, बसा. ताट वाढू?"

आक्काने डबा भावाच्या ताटाशेजारी ठेवला. "दाजी हे खात होते. तू दिलेलं नाही, दुकानातलं. दवाखान्यात ठेवलंय त्यांना. घे, एक चमचा खा."

छोट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आक्का, जेवतोय मी..."

भावजयीला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. "अहो, त्या एवढं म्हणतायत तर खा की. आपलाच तर माल आहे," असं म्हणत तिने स्वतःच चमचा बुडवला आणि तोंडाकडे नेला. छोट्याने झडप घालून तिचं मनगट पकडलं. चमचा खणकन फरशीवर पडला. भावजय नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली, मग डब्याकडे, मग आक्काकडे. तिला समजलं.

आक्काला रडू आवरेना. "बायकोचा हात कसा चटकन धरलास रे! मास्तरांचा धरायला कुणी नव्हतं."

"आक्का, मला माफ कर. मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर एकदाही मागच्या शेडमध्ये जाऊन बघितलं नाही," आक्का म्हणाली. तिने डब्याला झाकण लावलं, डोळे पुसले आणि मालकांच्या घराकडे निघाली.