सेल उतरतील

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गोरक्षनाथ सर वर्गाच्या भिंतीवरचं घड्याळ खाली घेत, त्यातला सेल काढत, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवत आणि घड्याळ पुन्हा खिळ्याला टांगत. सुट्टीत वेळ बघायला येणार कोण? पाथर्डीच्या पूर्वेकडच्या त्या गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मग दीड महिना सव्वाअकरा वाजलेले असत. गावाला याचं काही वाटत नसे. दसऱ्यापासून चैत्रापर्यंत निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असायचं. घरोघरी कुलपं, पारावर दोन-चार म्हातारी माणसं. त्या मानानं घड्याळ कमीच थांबायचं.

सर नगरच्या कॉलेजातून विज्ञान शिकून आले होते आणि गेली सव्वीस वर्षं ते विज्ञान त्यांनी वाया जाऊ दिलं नव्हतं. जत्रेच्या दिवसांत ते गावोगाव लिंबू कापून त्यातून रक्त काढून दाखवत, हळदीला चुना लावून तिचं कुंकू करून दाखवत, आणि मग सांगत, "आपोआप काही होत नाही. कारण शोधा." लोक टाळ्या वाजवत आणि परत जाताना ते लिंबू ओलांडायचं नाही म्हणून वळसा घालून जात. सरांनी हे पाहिलं होतं. त्याचंही कारण शोधायला हवं, असं ते म्हणत. पण ते काम तेवढं राहून गेलं होतं.

अशा माणसाच्या ताब्यात तीन वर्षांपूर्वी यंत्रमानवाची पेटी आली. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं ती भेट दिली होती. भोकाभोकांच्या पिवळ्या पट्ट्या, चाकं, दोन मोटारी, काडेपेटीएवढा एक 'डोळा', म्हणजे उजेड-अंधार ओळखणारा सेन्सर, आणि या सगळ्यांचं डोकं असलेला एक करडा डबा. डब्याच्या पोटात सहा पेन्सिल सेल. सोबत एक टॅब, त्यावर रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे की प्रोग्रॅम तयार. मुख्याध्यापकांनी पेटी उघडून पाहिली, झाकली आणि म्हणाले, "विज्ञान तुमच्याकडं आहे ना? मग हेही तुमच्याकडंच."

पुस्तकात कुत्रा होता, क्रेन होती आणि नाचणारा माणूस होता. सातवीच्या पोरांनी आधी कुत्रा केला. तो कपाटाखाली शिरला आणि त्याला काठीनं बाहेर काढावं लागलं. क्रेन कोणाला फारशी पटली नाही. नाचणाऱ्या माणसाचा एक पाय सतत गळून पडे. पोरांना तेवढाच भाग आवडला. दर वेळी खेळ रंगात आला की सर करड्या डब्याचं बटण बंद करत आणि म्हणत, "पुरे. सेल उतरतील."

मोनिकानं पुस्तक उघडलंच नाही. ही सूर्यभानची मोठी पोरगी. वर्षातले सहा महिने शाळेत आणि सहा महिने फडावर, तरी वर्गात तिच्या पुढं कुणी नव्हतं. तिनं उसाची बैलगाडी केली. बैल केले नाहीत. "बैल कशाला सर, मोटार हाय की." चार ड्रॉइंगशीट चिकटवून तिनं एक वाट आखली: इथं फड, इथं वळण, इथं वजनकाटा, इथं कारखाना. वाट म्हणजे इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. गाडीच्या पुढच्या बाजूला, खाली तोंड करून डोळा बसवला. टॅबवरचं इंग्रजी तिला वाचता यायचं नाही, म्हणून ती रंगांवर चालली: हिरवा म्हणजे चाल, लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे वळ.

पहिल्यांदा गाडी वाटेनं निघाली तेव्हा सरांच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी सरळ जात नव्हती. पट्टीच्या कडेनं जरा डावीकडं, जरा उजवीकडं, अशी डुलत जात होती.

"हिला सरळ कर की," सर म्हणाले.

"सर, सरळ कुनीच चालत न्हाई. बाबा गाडी हाकतो तवा बघा. जरा हिकडं, जरा तिकडं. लांबून नुसतं सरळ दिसतं."

सरांनी पुस्तकाची पानं उलटली. पुस्तकात सातव्या धड्यात हेच लिहिलं होतं, फक्त बैलांशिवाय.

वजनकाट्यावर गाडी थांबायची. थांबायची म्हणजे अगदी मोजून थांबायची, डब्यावरचा दिवा तीनदा लागायचा, आणि मग पुढं निघायची. मोनिका त्या वेळी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. काय ते सरांनी कधी विचारलं नाही.

सर मग एका दुपारी सूर्यभानला भेटायला गेले. तो ओट्यावर बसून कोयत्याला नवी मूठ बसवत होता.

"सूर्यभान, पोरगी यंदा इथं ठेव. आजीपाशी राहील."

"सर, तुमी दरसाल म्हनता. आन मी दरसाल न्हाई म्हनतो. बारक्याला कोन बघायचं? हिची आई मोळ्या बांधील का पोर धरील?"

"यंदा वेगळं आहे. पाथर्डीला विज्ञान प्रदर्शन आहे. तिची गाडी तिथं निवडली की पुढं नगरला जायचं, जिल्ह्याला. ते डिसेंबरात. मग तिला इथं राहावंच लागेल ना?"

घरातून आजी बनुबाईंचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे की रं. मला बी भाकरी टाकून देनारं कोन न्हाई."

सूर्यभाननं कोयता उलटा करून धार पाहिली. "परदर्शन कवाय?"

"दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी."

"आमचा ट्रक पाचव्या दिशी हाय." त्यानं मूठ ठोकून पाहिली. "बरं. गाडीचा नंबर आला तर ऱ्हाईल पोरगी. बारक्याचं बघू काय करायचं ते. पन न्हाई आला तर सर, पुन्यांदा हा विषय न्हाई काढायचा."

"नंबर येणार," सर म्हणाले. विज्ञानाच्या माणसानं असं बोलू नये, पण गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असतं. पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून झाली, झेंडूची फुलं वाहून झाली. मोनिका गाडी हातात घेऊन उभी.

"सर, हिला न्हाई का पुजायचं? आमच्यात कोयता पुजत्यात. बैलाची शिंगं पुजत्यात. हिनं तर नगरला जायचंय."

सर हसले. हळदीचं कुंकू कसं होतं हे पंचक्रोशीला दाखवलेला हा माणूस. त्यानं तबकातलं पाणी बोटावर घेतलं, कुंकू कालवलं आणि गाडीच्या कपाळावर अंगठ्यानं चांगला ठसठशीत टिळा लावला. वरून हळद, अक्षता, फुलानं पाण्याचे चार शिंतोडे. गाडीला कपाळ नव्हतं. पुढची पट्टी होती आणि तिच्या बरोबर खाली डोळा होता. मुख्याध्यापकांनी फोटो काढून केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम.' संध्याकाळपर्यंत त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ओल्या फडक्यानं गाडी पुसली. परीक्षकांपुढं कुंकू बरं दिसणार नाही, विज्ञानाचं प्रदर्शन आहे. वरून पुसली, बाजूनं पुसली. मोनिका शीट अंथरून तयारच बसली होती.

"सर, एकदा चालवून बघू का?"

"कशाला? परवा चालली ना दहा वेळा?"

"एकदाच. काट्यापर्यंत."

"सेल उतरतील, मोनिका. तिथं ऐन वेळी बंद पडली तर काय करशील?"

त्यांनी सहाच्या सहा सेल काढले, रुमालात बांधले आणि स्वतःच्या खिशात ठेवले.

पाथर्डीला हॉलमध्ये तिसाव्या नंबरचं टेबल मिळालं. सूर्यभान आला होता. स्वच्छ धुतलेली टोपी, हातात बारका. परीक्षक तीन. मोनिकानं पाठ केलेलं सांगितलं, अजिबात न अडखळता, आणि बटण दाबलं.

गाडी जागच्या जागी गोल फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. मोनिकानं ती उचलून पुन्हा पट्टीवर ठेवली. गाडी पुन्हा स्वतःभोवतीच फिरू लागली. बारका खूश होऊन टाळ्या पिटू लागला. दाद देणारा तेवढा एकच.

"फिरते छान," एक परीक्षक म्हणाले. "पण ऊस कारखान्याला कधी जाणार?"

ते पुढच्या टेबलाकडं गेले. पहिला नंबर जलपुनर्भरणाच्या थर्माकोलच्या प्रतिकृतीला मिळाला. तिच्यात हलणारं काही नव्हतं, त्यामुळे बिघडणारंही काही नव्हतं.

सरांचे कान तापले होते. हॉलच्या पायरीवर, बापासमोर, ते पोरीला म्हणाले, "काय बदललंस तू त्यात?"

"काय न्हाई सर."

"टॅब तुझ्याकडंच होता ना परवा? चांगली चालत होती. हात शिवशिवले असतील."

"म्या हात न्हाई लावला, सर."

"मग काय आपोआप बिघडली?"

सव्वीस वर्षं गावोगाव सांगितलेलं वाक्य त्यांनी तिच्यावर टाकलं. कारण त्यांनी शोधलं होतं. फार लांब जावं लागलं नव्हतं, अडीच हातांवर उभं होतं.

मोनिकानं बापाकडं पाहिलं आणि मग खाली. सूर्यभानच म्हणाला, "जाऊ द्या सर. बैल बी कवा कवा अडून बसतोय. त्याला काय इचारायचं?" आणि पोरीला म्हणाला, "बारक्याला घे."

पाचव्या दिवशी ट्रक निघाला. बैल, पेट्या, कोंबड्या, पत्र्याचे डबे आणि वर बसलेली माणसं. मोनिका बारक्याला मांडीवर घेऊन बसली होती. शाळेवरून जाताना तिनं शाळेकडं पाहिलं की नाही, ते सरांना सांगता येत नाही. ते आत होते. टॅबवर 'रीसेट', म्हणजे 'मूळ स्थितीत आणा', असं एक बटण असतं. ते दाबत होते. बिघडलेला प्रोग्रॅम ठेवून काय करायचा? ठोकळे एकेक करून पुसले गेले. त्यांनी सेल काढून ठेवले आणि पेटी बंद केली.

ती उघडली ती फेब्रुवारीत. तपासणीला साहेब येणार होते. मोनिकाची गाडी तशीच होती, मोडायला कोणाला सवड झाली नव्हती. सरांनी तिच्यात पुस्तकातला तयार प्रोग्रॅम टाकला, शीट अंथरली, बटण दाबलं.

गाडी जागच्या जागी गोल फिरली.

सरांनी टॅब पुन्हा पाहिला. हा प्रोग्रॅम कंपनीचा होता. याला मोनिकानं हात लावला नव्हता. मग त्यांनी गाडी उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि डोळ्याच्या काचेवरून करंगळी फिरवली. वाळलेला पापुद्रा निघाला. करंगळी लाल झाली.

लाल रंग कशानं होतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

काच ओल्या कापसानं पुसल्यावर गाडी निघाली. जरा डावीकडं, जरा उजवीकडं, फडापासून वळणापर्यंत, वळणापासून काट्यापर्यंत. आणि काट्यावर न थांबता तशीच कारखान्यात गेली. कंपनीच्या प्रोग्रॅमला काटा माहीत नव्हता. साहेबांना गाडी आवडली. "सुरेख चालते की," ते म्हणाले, आणि शेरेवहीत तसा शेरा लिहिला.

साहेब गेल्यावर सरांनी सूर्यभानला फोन लावला. तिकडं ट्रॅक्टरचा आवाज, कुणाची तरी शिवी, मग सूर्यभान.

"बोला सर. आजीला काय झालं का?"

"नाही, नाही. आजी बरी आहे. मोनिकाशी जरा बोलायचं होतं."

"मोने! ये मोने! तुझं सर हायेत." आणि पुन्हा फोनमध्ये, "लौकर बोला सर, गाडी भरायचीय."

"हां सर," मोनिका म्हणाली. मागं बारका रडत होता.

सरांनी वाक्य तयार केलं होतं. ते लांब होतं. त्यातलं शेवटचं तेवढं तोंडातून आलं. "तुझी चूक नव्हती. डोळ्यावर कुंकू बसलं होतं. मी लावलेलं. खालून पुसायचं राहिलं माझ्याकडून."

पलीकडं बारक्याचं रडणं फोनच्या जवळ आलं.

"मी म्हनलं हुतं, सर. एकदा चालवून बघू."

"हो."

"एकदाच म्हनलं हुतं."

"हो, मोनिका."

"मंग ते सेल?" तिनं विचारलं. "हायेत का आजून?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. सरांनी तो शोधून पाहिला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आहेत," ते म्हणाले. "भरलेले आहेत." मग घाईनं म्हणाले, "तुझा प्रोग्रॅम माझ्याकडून पुसला गेला. परत करायचा म्हणतोय. काट्यावर गाडी किती सेकंद थांबवली होतीस?"

"आता न्हाई आठवत, सर. मी मोजायची न्हाई. काट्यावरचा मानूस बाबाला नाव, गाव, टोळी इचारतो ना, तेवढं सगळं मनात म्हनायची आन मंग पुढं सोडायची. लावून लावून बरोबर आलं हुतं." बारक्याचं रडणं वाढलं. "पन ते चूकच हुतं तसं. हितं तर गाड्या चार-चार तास थांबत्यात. ठिवू का सर?"

ते लोक चैत्रात परत आले. शाळा सातवीपर्यंतच, आठवीसाठी शेजारच्या गावाला जावं लागतं. सरांनी दाखला तयार ठेवला होता, वर्ष झालं, तो ड्रॉवरमध्ये आहे. ते दोनदा सूर्यभानच्या ओट्यापर्यंत गेले. तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरलं होतं आणि सूर्यभाननं आपल्याकडून शब्द पाळला होता. त्यामुळे दोन्ही वेळा पावसावर बोलणं झालं. गेल्या दसऱ्यानंतर ट्रक गेला तेव्हा मोनिका आईशेजारी बसली होती. बारका आता चालायला लागला होता, त्याला धरून बसावं लागत नव्हतं. तिच्या मांडीवर कोयता होता.

शाळेत गाडी अजून आहे. दर शनिवारी सर ती पोरांना चालवायला देतात, आधी खालून पुसून. सेल उतरतात, ते नवीन आणतात. त्यांनी काट्यावर लाल ठोकळा लावला आहे आणि त्याच्यापुढं आठ सेकंद टाकले आहेत. आधी पाच टाकून पाहिले, मग बारा. गाडी थांबते, दिवा तीनदा लागतो, आणि सर मनात म्हणू लागतात: नाव, गाव, टोळी. दर वेळी त्यांचं म्हणून व्हायच्या आत गाडी पुढं निघून जाते.