आजीवन म्हणजे कोणाचं?

वाशीमच्या तहसिलीसमोर पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिथे बसणाऱ्या गुलाबरावांना कुणी गुलाबराव म्हणत नाही, काहूनराव म्हणतात. अर्जनवीस माणसानं खरं तर पक्षकार सांगेल ते निमूट टाइप करावं आणि मोकळं व्हावं. पण यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "काहून?", म्हणजे का. वावर पुतण्याच्या नावानं करून राह्यले? काहून? बायकोचं नाव बदलून राह्यले? काहून? समोरचा माणूस कावायचा, पण गुलाबरावांना त्याच्याशी भांडायचं नसायचं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. मेडशीहून सकाळच्या एसटीनं यायचं आणि लोकांच्या घरात काय काय चाललंय त्याचं नवल करत संध्याकाळी परत जायचं, असं चाळीस वर्षं चाललं होतं.

त्यांची खरी ख्याती मात्र वाचण्याची. प्रत्येक कागदाच्या शेवटी "वाचून दाखवला, समजला, कबूल आहे" असं सगळेच अर्जनवीस लिहितात. गुलाबराव खरोखर वाचून दाखवत. नुसतं वाचत नसत, अक्षरशः वठवून दाखवत. "लिहून देणार" आलं की देणाऱ्याकडे बोट, "लिहून घेणार" आलं की घेणाऱ्याकडे. ज्यांना अक्षरओळख नाही अशी माणसं इंझोरीहून, कुठून कुठून शोधत यायची आणि त्यांच्याच टेबलासमोर बसायची. आणि "तहहयात" हा शब्द आला की गुलाबराव हमखास थांबत. तहहयात म्हणजे जिवंत असेपर्यंत. "पन कोनाची हयात?" ते विचारत. "ज्याची हयात त्याचं नाव पाह्यजे. नाहीतर उद्या कोर्टात दोघं भांडतीन आन् हयात वकिलाची जाईन."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा हलवाव्या तशी खसखस. शेजारच्या टेबलावरच्या रामसिंगचा आवाज असा, की त्यानं वाचलेला कागद बसस्थानकावर ऐकू जावा. हळूहळू माणसं तिकडे सरकली. गुलाबरावांना आवाज गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं समोरचा बाक रिकामा पाहून वाटलं. टाइप करणारे शेडमध्ये पंधरा होते. वाचून दाखवता आलं नाही तर आपण सोळावे कशाला, ही धास्ती त्यांच्या मनात बसली.

सुनेनं, शुभांगीनं, उपाय काढला. मराठीत टाइप केलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिनं शोधलं. त्याची सातवी आवृत्ती घेतली, लॅपटॉपला स्पीकर जोडला. पावतीवर छापलं होतं, "आजीवन परवाना". गुलाबरावांना शब्द भारी आवडला. जन्मभर दुसऱ्यांना हयात कोणाची हे विचारणारा माणूस, पण पावती घडी करून खिशात ठेवताना त्यांनी स्वतःला ते विचारलं नाही.

सातवी आवृत्ती वाचायची, पण कशी? सातबारा लिहिताना आपण मधे तिरकी रेघ देतो. सॉफ्टवेअरमधली बाई स्पीकरमधून ठणकावून म्हणाली, "सात भागिले बारा!" जिल्ह्याचं आखूड रूप "जि." आलं की म्हणायची, "जी वाशीम." पहिल्याच दिवशी रामसिंग खुर्चीत मागे रेलून हसला.

"काहूनराव, तुमची बाई वाशीमले बम मान देऊन राह्यली बाप्पा! वावर मात्र भागून टाकलं तिनं."

गुलाबरावही हसले. आवाज नव्हता, खांदे हलले. पण पाच-सहा माणसं पुन्हा त्यांच्या बाकावर येऊन बसली होती. गमतीनं का होईना, ऐकत होती.

एकोणिसाव्या दिवशी पडद्यावर चौकट उघडली. आठवी आवृत्ती आली आहे. माणसासारखा आवाज, सातबारा सातबाराच वाचणार. मात्र त्यासाठी मूळ किमतीच्या निम्मे पैसे पुन्हा भरावे लागतील. नवी आवृत्ती येण्याआधीच्या पंधरा दिवसांत ज्यांनी खरेदी केली, त्यांना फुकट.

पंधरा आणि एकोणीस. गुलाबरावांचं डोकं फिरलं, पण त्यांच्या डोक्याची तऱ्हाच अशी की फिरलं तरी ते प्रश्नाकडेच फिरतं. पंधराच काहून? वीस काहून नाही? हे पंधरा दिवस कुणी, कुठं बसून ठरवले असतील?

त्यांनी पावतीवरचा नंबर लावला. पलीकडून पुण्याची निकिता नावाची मुलगी बोलली. गुलाबरावांनी सगळं सांगितलं.

"हॅलो? सर, आवाज येत नाहीये. फक्त खरखर येतेय."

तीनदा असं झालं. चौथ्या वेळी गुलाबरावांनी फोन सरळ स्पीकरपुढे ठेवला, भराभर टाइप केलं आणि बटण दाबलं. कंपनीच्याच बाईच्या तोंडून कंपनीला अर्ज ऐकू गेला.

"अर्जदार नम्रपणे कथन करतो की, अर्जदाराचा आवाज शस्त्रक्रियेत गेलेला आहे. सबब अर्जदार आपल्याच यंत्राकरवी बोलत आहे. ते सात भागिले बारा असे बोलते, ही अर्जदाराची पहिली तक्रार आहे."

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला.

"सर, पावतीवर आजीवन आहे ते बरोबर आहे," निकिता म्हणाली. "पण आजीवन म्हणजे त्या आवृत्तीचं आयुष्य. सातवी तुम्ही कायम वापरू शकता."

गुलाबरावांचे डोळे चमकले. बोटं धावली. "म्हणजे हयात माझी नाही, सातव्या आवृत्तीची. मग हे कागदावर का लिहिले नाही? आणि आठवी आवृत्ती एकोणीस दिवसांत जन्मली नसेल. अर्जदाराने पैसे भरले त्या दिवशी ती पोटात होती की नव्हती?"

"होती सर," निकितानं प्रामाणिकपणे सांगितलं. "आम्हाला चार महिन्यांपासून माहीत होतं."

"विकताना का सांगितले नाही?"

"मलाही कधीकधी तेच वाटतं, सर. नियम माझ्या हातात नाहीत. पण तुमचा अर्ज मी वरिष्ठांना ऐकवते. रेकॉर्ड झालाय."

गुलाबरावांनी फोन ठेवला. राग होताच. ठाऊक असून लपवलं, याचा राग. पण पोरगी खरं बोलली याचं बरंही वाटलं. पुढचे आठ दिवस मात्र त्यांच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. जो येईल त्याला पावती दाखवायचे, कानाशी तोंड नेऊन खसखसायचे, "सांगा, कोनाचं आजीवन?"

त्या आठवड्याच्या शेवटी इंझोरीच्या आवडाबाई आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. घर आणि वावर पुतण्याला, पवनला, बक्षीसपत्रानं देऊन टाकायचं होतं. पवन सोबत होता, शांत आणि भला पोरगा. बाईंची अट एकच. मागच्या दोन खोल्यांत मरेपर्यंत त्यांनी राहायचं, कुणी उठ म्हणायचं नाही.

"काहून देऊन राह्यल्या सगळं?" गुलाबरावांनी कानाशी जाऊन विचारलंच.

"हा रोज दोन्ही टायमाले ताट घेऊन येते," आवडाबाई म्हणाल्या. "मंग कोनाले देऊ?"

गुलाबरावांनी मजकूर टाइप केला. असले कागद त्यांच्या बोटांना पाठ. बटण दाबलं. सातवी आवृत्ती आपल्या सपाट, मख्ख आवाजात वाचू लागली. आवडाबाई पदर कानामागे सारून ऐकत होत्या. सात भागिले बारा झालं. जी वाशीम झालं. शेवटाकडे स्पीकरमधली बाई म्हणाली, "लिहून घेणार पवन यांनी घराचा व शेताचा ताबा घ्यावा. मागील दोन खोल्यांत तहहयात राहण्याचा हक्क राहील."

"थांबवा तिले," आवडाबाई म्हणाल्या.

गुलाबरावांनी थांबवलं.

"त्या दोन खोल्याईत कोन राह्यन?"

गुलाबरावांनी त्यांच्याकडे बोट केलं.

"तुमी बोट करून राह्यले. तिनं माहं नाव नाही घेतलं. पवनचं घेतलं आन् मंग खोल्या सांगतल्या. माह्या खोल्या कुठी गेल्या?"

"काकू, त्या तुमच्याच हायेत ना," पवन म्हणाला.

"तू हायेस तोवर हायेत रे बापा. तुह्या मागं हा कागद बोलन. त्यात मी नाही."

गुलाबरावांनी ओळ पुन्हा वाजवली. मग पडद्याला डोळे लावून स्वतः वाचली. आवडाबाई त्यात नव्हत्या. हयात होती, पण कोणाची ते नव्हतं.

चाळीस वर्षं या ओळीशी आलं की गुलाबरावांचं बोट आपोआप योग्य माणसाकडे वळायचं आणि तोंड म्हणायचं, "म्हनजे तुमाले, बाई." बोट कागदावर उमटत नाही. आवाज जे भरून काढायचा, ते कागदात होतं की नव्हतं, हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही, आणि आता त्यांना वाटू लागलं, आपल्यालाही कळत नसावं. अशी किती बक्षीसपत्रं गेली असतील या टेबलावरून? आठ दिवस जगाला हयात विचारत फिरलो आणि स्वतःच्या हातानं ती मोकळी सोडली, याची त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी ओळ खोडली. लिहिलं, "लिहून देणार आवडाबाई यांना त्यांच्या स्वतःच्या हयातीपर्यंत". स्पीकरमधल्या बाईनं ते मख्खपणे वाचलं. आवडाबाईंनी मान हलवली.

"आता आली मी," त्या म्हणाल्या. कागद घेऊन दोघं कचेरीकडे निघाली.

ती शेडच्या टोकाशी पोचतात तोच फोन वाजला.

"सर, निकिता बोलतेय! तुमचा अर्ज वरिष्ठांनी ऐकला. नियम बाजूला ठेवून तुम्हाला आठवी आवृत्ती मोफत द्यायची ठरलीय."

शेजारून रामसिंगनं कान टवकारले. गुलाबरावांनी फोन स्पीकरपुढे ठेवला.

"आठवी आवृत्ती लिहिलेले असेल तेवढेच वाचते का?"

"त्याहून चांगलं, सर! एखादा शब्द राहिला असेल तर अर्थ लावून स्वतःच भरून वाचते. ऐकणाऱ्याला चूक कळतसुद्धा नाही."

गुलाबरावांनी आवडाबाईंच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. मग त्यांनी टाइप केलं, आणि सातवी आवृत्ती एकही शब्द पदरचा न घालता बोलली.

"अर्जदार आठवी आवृत्ती आभारपूर्वक नाकारतो. तसे वाचणारा एक माणूस या टेबलावर चाळीस वर्षे होता. पावतीवर मात्र आजीवन कोणाचे ते लिहावे. अर्जदार स्वतःच आज ते लिहायचे विसरला होता, आणि एका बाईच्या दोन खोल्या जात होत्या."