ठाकुर्लीची मोजणी

आधी चहाचे कप खाली ठेवा बघू. माझी सगळ्यात मोठी फजिती सांगतोय, उगाच कुणाच्या नाकातोंडात जायला नको.

मला मुंबईच्या चित्रशाळेत जायचं होतं आणि वडिलांना मला कचेरीत चिकटवायचं होतं. शेवटी तह झाला. चित्रशाळेने घेतलं तर चित्रकला, नाही तर मुकाट्याने कारकुनी. शाळेने प्रत्यक्ष पाहून काढलेली बारा चित्रं मागितली होती. आमचे ड्रॉइंग मास्तर म्हणाले, देवादिकांचा नाद सोड, माणसं काढ. हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने माप घ्यायचं.

झालं! वडिलांचा जुना कोट चढवला, काखेत चित्राची फळी मारली आणि कल्याणहून चालत ठाकुर्ली गाठली. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मी डोळा मिटून पेन्सिल रोखली मात्र, सगळ्यांचे हात जागीच थांबले.

आणि मग काय तो मान! बसायला घोंगडी, प्यायला ताक. ज्याच्यावर पेन्सिल रोखावी तो हात जोडून उभा. दुसऱ्या दिवशी कोंबडी आली. आमच्या घरात कोंबडीचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून मी ती नम्रपणे परत केली. तिसऱ्या दिवशी दोन आल्या! मी मनात म्हटलं, काय हे कलेचं वेड, आणि कल्याणची माणसं अजून झोपलेलीच.

पाचव्या दिवशी अकरा चित्रं झाली. तेव्हा ज्याचं ते खळं होतं तो म्हातारा, पांडूबाबा, माझ्याजवळ येऊन हळूच बसला.

"साहेब, नवी आगगारी माज्या शेतातून नका नेवू. येवराच तुकरा हाय माजा."

मला दरदरून घाम फुटला. गाव मला रेल्वेचा मोजणीवाला समजत होतं! म्हातारा चार रात्री झोपला नव्हता आणि मी त्याचं ताक पीत होतो. खरं सांगितलं तर गावकरी मला फळीसकट हाकलणार आणि मी थेट कचेरीत जाणार. पण त्याचे डोळे बघवेनात. मी सगळे कागद त्याच्यापुढे पसरले आणि कबूल करून टाकलं.

तो एकेक चित्र बघत गेला. अकरा माणसं, अकराही हात जोडलेली, अकराही घाबरलेली. मग असा हसला की मुंडासं सुटलं. म्हणाला, आम्ही काय हात जोडून भात झोडतो? बस इथं, पुन्हा काढ. दोन दिवस सगळ्या गावाने आपापलं काम करत मला चित्रं काढू दिली. म्हाताऱ्याने मला सावलीत बसवलं, स्वतः उन्हात राबला. त्याच चित्रांवर मला प्रवेश मिळाला. आज मी चित्रकार म्हणून मिरवतो तो त्या गावाचा उपकार आहे, आणि तो फिटायचा नाही.

पेढे घेऊन मी ठाकुर्लीला गेलो. सोबत त्याच्या शेताचं चित्र नेलं होतं, सगळी विद्या ओतून काढलेलं. पांडूबाबाने ते भिंतीला टेकवलं, लांब उभा राहिला, हात ताठ केला, विडी उभी धरली आणि एक डोळा मिटला.

"पोरा, माजा शेत तर सुपायेवरा केलास. बरा झाला तू मोजणीवाला नव्हतास!"