बाणांचे टायर आणि बेलटोल्याचा मंगळवार

मागच्या डाव्या चाकातून ‘टिक्... टिक्...’ असा आवाज येत होता, आणि तो फक्त मलाच ऐकू येत होता.

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या जीपचे किस्से असेच सुरू व्हायचे. आधी मला काहीतरी ऐकू यायचं, मग सगळे मला हसायचे, मग ते काहीतरी खरंच व्हायचं, आणि संध्याकाळी लाखनीच्या चहाच्या टपरीवर त्याचा किस्सा तयार! दोन-तीन वर्षांत इतके साचले की आता कोणी नुसतं ‘टायर’ म्हटलं तरी मी सुरू होते.

जीप लष्कराच्या लिलावातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा चांगलीच मोठी. डॉक्टरबाई मागच्या बाकावर, मी औषधांची पेटी मांडीवर घेऊन पुढे, आणि ड्रायव्हर देवाजीभाऊ. देवाजीभाऊंना जीपबद्दल वाईट ऐकून घेणं जमत नसे. मी तेव्हा नुकती बी.एस्सी. होऊन लागलेली. दचकणं हा माझा स्वभाव. कोणी शिंकलं तरी हातातली बाटली पडायची.

तर तो टिक् टिक्.

‘‘देवाजीभाऊ, चाकातून आवाज येतोय.’’

‘‘तुमच्या घड्याळीचा असन, म्याडम.’’

मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं. टिक्... टिक्...

‘‘आता?’’

‘‘आता पर्समंधून येत असन!’’

कारध्याचा पूल ओलांडला आणि टायर बसला. स्टेपनी लावून कसेबसे लाखनीला नत्थूभाऊ टायरवाल्याकडे पोचलो. नत्थूभाऊंनी टायरवरून हात फिरवला, चिमट्याने काहीतरी उपसलं आणि वर धरलं. बैलाच्या खुराची लोखंडी नाल! खिळ्यांसकट!

‘‘म्याडमचे कान बराबर हायेत,’’ नत्थूभाऊ म्हणाले. ‘‘देवाजी, तुह्या बैलाले कोनीतरी नाल ठोकली, अन् तुले पत्ताच नाही!’’

*

त्या दिवशी चारही टायर पाहिले. नक्षी नावालाही उरलेली नव्हती. गोटा! डांबरी रस्त्यावर ठीक, पण आमचे निम्मे पेशंट धानाच्या बांध्यांपलीकडे, खाचरांच्या चिखलात. आणि रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस तोंडावर.

आमच्या संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी ऐकलं आणि निकालच देऊन टाकला. ‘‘जीप काढून टाका. एक साधी गाडी घेऊ. दवाखाना डांबरी रस्त्यावर उभा राहील, ज्याला यायचं तो येईल.’’

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आणि बेलटोल्याची सुगंधा? ती चालत येईल?’’

सुगंधाबाईचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं मूल अडलं आणि गेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आधीच येऊन राहा म्हटलं, तर म्हणे, ‘‘रोवना हाये, घरी कोन पाहीन? तुम्हीच या मंगळवारी, मी बसतो तुमच्या गाडीत.’’ डॉक्टरबाईंनी शब्द दिलेला.

सेक्रेटरीसाहेब थोडे नरमले. ‘‘ठीक आहे. टायर बदला. येत्या मंगळवारी मी स्वतः येतो. जीप बेलटोल्याला पोचली तर राहील. नाही पोचली तर विषय संपला.’’

आणि टायर कोणते घ्यायचे ते कोणी ठरवायचं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही कॉलेज शिकल्या नं!’’

मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं.

*

टपरीवर चौकशी सुरू केली, आणि कळलं की लाखनीत टायरबद्दल मत नसलेला एकही माणूस नाही.

ट्रकवाला म्हणाला, ‘‘रिमोल्ड करा, जुन्यावरच नवी नक्षी चढवा, मजबूत!’’ तुमसरच्या राइस मिलवाल्यांचा मुनीम म्हणाला, ‘‘रुंद घ्या, रुंद चाक चिखलात बुडत नाही.’’ बसचा कंडक्टर म्हणाला, ‘‘अरुंद घ्या, अरुंद चाक चिखल कापते.’’ मग मुनीम आणि कंडक्टर यांचंच जुंपलं, आणि मी दोघांच्या मध्ये वही धरून ‘‘म्हणजे रुंद की अरुंद?’’ असं विचारत राहिले.

कोपऱ्यात एक म्हातारे शेतकरी बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

‘‘चिखलातच जायाचं हाये नं, बाई?’’

‘‘हो, आजोबा.’’

‘‘मंग टायर कायले? रेडा जुंपा!’’

सगळी टपरी हसली. देवाजीभाऊ तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपच्या पुढच्या बंपरला एक भक्कम लोखंडी हुक वेल्ड करून आणला. मी विचारलं, हे काय?

‘‘काही नाही, म्याडम. असू द्या. रेडा कामी येऊ शकते.’’

*

आमची जीप अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे आपल्याकडे ड्रायव्हर जिथे बसतो तिथे, उजवीकडे, मी! समोरून येणारे ट्रकवाले माझ्याकडे बघून हात जोडायचे. एक बाई गाडी चालवतेय, आणि दोन्ही हातांनी पेटी धरून चालवतेय!

एकदा नाक्यावर हवालदाराने जीप थांबवली. सरळ माझ्या बाजूला आला. ‘‘लायसन.’’

सांगायचं इतकंच होतं की ड्रायव्हर मी नाही. पण मी दचकले, पर्समध्ये हात घातला आणि जे कार्ड हाताला लागलं ते देऊन टाकलं. कॉलेजच्या वाचनालयाचं.

त्याने ते नीट वाचलं. मागूनही पाहिलं. मग परत दिलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘‘पुस्तक वापस करून टाका. मुदत गेली तुमची.’’

पलीकडून देवाजीभाऊ म्हणाले, ‘‘मी सांगून सांगून थकलो, साहेब!’’

*

टायर ठरेपर्यंत देवाजीभाऊंनी जीप सुधारायला घेतली. ताडपत्रीचं नवं हूड झालं. सीटखाली गोणपाट गेलं. आणि तुमसरहून एक हॉर्न आला. ट्रकचा! केवढा तरी मोठा.

त्या दिवशी आम्ही एका शाळेच्या पडवीत पेशंट तपासत होतो. रांगेत पहिले एक पाटील. तीन वर्षांपासून गुडघा वाकत नव्हता. दोघांनी धरून आणलं होतं. डॉक्टरबाई गुडघ्याला हात लावणार, एवढ्यात देवाजीभाऊंनी पडवीमागे उभ्या जीपच्या हॉर्नची ट्रायल घेतली.

मी पेटीसकट खाली बसले. ते माझं नेहमीचंच. पण डोळे उघडून पाहते तर पाटील रांगेत नाहीत! ते समोरचा बांध ओलांडून दुसऱ्या बांधावर उभे होते, आणि तिथून शिव्या देत होते.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. मला म्हणाल्या, ‘‘लिही. गुडघा. सुधारणा आहे.’’

*

अखेर मी टायर ठरवले. नागपूरहून येणारी माहितीची पत्रकं वाचली, तीन ट्रॅक्टरची चाकं जवळून पाहिली, आणि खोल बाणांच्या नक्षीचे टायर मागवले. बाणांनी चिखल बाजूला फेकला जातो आणि चाक पकड घेतं. मी हे टपरीवर इतक्या ठामपणे समजावून सांगितलं की कंडक्टरही मान डोलावू लागला. मला स्वतःचंच नवल वाटलं!

सोमवारी नत्थूभाऊंनी टायर बसवले. मंगळवारी सकाळी त्यांच्याच दुकानासमोर सेक्रेटरीसाहेब पांढऱ्या स्वच्छ धोतरात जीपमध्ये येऊन बसले. मी चाकांभोवती एक चक्कर मारली, आणि मागच्या चाकाशी थांबले.

‘‘नत्थूभाऊ, ट्रॅक्टरचे बाण मागून पाहिले तर वर टोक करून असतात. हे खाली टोक करून आहेत.’’

‘‘बाई,’’ नत्थूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘पंचवीस वर्सं झाले, मी असेच बसवून रायलो. एकाही बैलानं तक्रार नाही केली!’’

तेव्हा मला कळलं. नत्थूभाऊंनी आयुष्यभर असे टायर बसवले ते रबरी चाकांच्या बैलबंडीला. बंडी ओढली जाते, म्हणून बाण उलटे बसवले की बैलाला हलकी जाते. जीपला बैल नाही. जीपचं चाक स्वतः जोर लावतं!

‘‘अहो, पण...’’

‘‘चला, उशीर होतोय,’’ सेक्रेटरीसाहेब म्हणाले. देवाजीभाऊंनी तो भलामोठा हॉर्न दिला आणि माझं वाक्य हातातल्या पेटीबरोबर खाली पडलं.

*

डांबरी रस्ता संपेपर्यंत जीप राणीसारखी गेली. सेक्रेटरीसाहेब म्हणालेसुद्धा, ‘‘टायर चांगले निवडले हो.’’

मग बेलटोल्याची वाट सुरू झाली. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या, मध्ये नुसता चिखल. पन्नास पावलं गेलो आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल बाजूला जाण्याऐवजी बाणांमध्येच भरत होता. देवाजीभाऊंनी चारही चाकांचा गिअर टाकला. चारही चाकं जागच्या जागी फिरू लागली!

मी म्हटलं, ‘‘डावीकडची चाकं उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावली तर बाण सरळ होतील.’’

देवाजीभाऊंनी जॅक लावला. दांडा फिरवत गेले. जीप वर येईना, जॅकच खाली चालला. शेवटी दांडाही दिसेना.

सेक्रेटरीसाहेबांनी धोतर वर खोचलं. ‘‘मग? विषय संपला म्हणायचा?’’

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि दूरच्या चिंचांकडे पाहिलं. बेलटोला तिथे, मैलभरावर. मला नुसती सुगंधाबाई दिसत होती. गाठोडं बांधून, दारात बसलेली.

आणि मला एकदम सुचलं. ‘‘देवाजीभाऊ, रिव्हर्स टाका! उलटं गेलं की बाण सरळ!’’

‘‘मागं जाऊन काय करू, म्याडम? मागं तर लाखनी हाये.’’

‘‘आधी मागे घ्या, बाहेर काढा. मग जीपच वळवा. पाठ बेलटोल्याकडे!’’

देवाजीभाऊंनी रिव्हर्स टाकला. जीपने एक हिसका दिला आणि म्हातारी बाई खाटेवरून उठावी तशी उठली. कडक जागेवर वळवली. मग सुरू झालं! मी मागे फळीवर उभी, सेक्रेटरीसाहेब माझ्याशेजारी हूडचा गज धरून, आणि देवाजीभाऊ मान मागे वळवून. ‘‘डावं घ्या! अहो, माझं डावं! तुमचं उजवं!’’ बांधीत रोवणी करणाऱ्या बायांनी कंबर सरळ केली. एकजण ओरडली, ‘‘ओ म्याडम, जीप रुसली काय?’’

देवाजीभाऊंनी पुढचा हुक आठवून कपाळावर हात मारला. ‘‘रेडा आला असता तरी कुठं जुंपला असता!’’

गावाच्या अलीकडच्या नाल्याशी जीप थांबली. पाणी कमरेच्या वर, जीपचं काही चालणार नव्हतं. पण पलीकडच्या काठावर पहिलंच घर सुगंधाबाईचं. सेक्रेटरीसाहेबांच्या धोतराचा रंग आता सांगता येत नव्हता. ते खाली उतरले, चाकाकडे बघत म्हणाले, ‘‘पाठमोरी का होईना, पोचली. जीप राहील.’’

पण दारात गाठोडं नव्हतं. दारात कोणीच नव्हतं. अख्खं गाव रोवणीला. दार लोटलेलं.

देवाजीभाऊंनी हॉर्न दाबला. चिखल जाऊन त्याचा आवाजच बंद. त्यांनी हाक मारली. सेक्रेटरीसाहेबांनी मारली, ‘‘कोणी आहे का?’’ काही नाही. डॉक्टरबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि पदर खोचायला घेतला. त्या पाण्यात उतरणार होत्या. 

मी पेटी खाली ठेवली. आयुष्यात कधी वर्गातही मोठ्याने उत्तर दिलं नव्हतं. दोन्ही हात तोंडाशी धरले.

‘‘सुगंधाबाईऽऽऽ!’’

बगळे उडाले.

‘‘सुगंधाबाईऽऽऽऽ!’’

देवाजीभाऊ दचकले. पहिल्यांदाच, माझ्यामुळे!

तिसऱ्या हाकेला दार हललं. सुगंधाबाई चौकटीला धरून उभी राहिली, छातीशी फडक्याचं एक लहानसं बोचकं. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा तोंड फिरवून उभ्या असलेल्या जीपकडे, आणि पाण्यावरून तिचा आवाज आला:

‘‘हळू वो बाई, आत्ताच निजलं! अन् आल्या आल्या वापस कायले जाऊन रायल्या? पोरगी पाहून तरी जा!’’