खंडेनवमीला खाली केलेला स्विच

मॉनिटरला झेंडूचा हार घातलेला होता, सीपीयूच्या डब्यावर हळदकुंकू होतं आणि डबा गार होता. मी दोनदा हात लावून बघितला. सकाळी निघाले तेव्हा त्यातला पंखा घरघरत होता.

"हरेश्वर, हा कोणी बंद केला?"

हरेश्वर आमचा फिटर, अर्नाळ्याचा. तो पूजेच्या पाटाभोवतीची फुलं गोळा करत होता.

"भाऊंनी, मॅडम. मी सांगितला त्यांना, मॅडमचा काम चालू हाय. तर बोलले, पडदा काला दिसतो, म्हंजे बंदच हाय. आनि आज मेन स्विच मालकानं सोताच्या हातानं खाली करायचा असतो ना."

पडदा काळा होता, कारण बराच वेळ कोणी हात लावला नाही की मॉनिटर आपोआप झोपतो. आत काम चालूच असतं. हे मी हरेश्वरला सांगितलं होतं. भाऊंनाही सांगायला हवं हे कोणाच्या डोक्यात येणार? यूपीएस होता, पण तो लाईट गेल्यावर कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता. नीट बंद करायला माणूस लागतो, आणि तो माणूस, म्हणजे मी, विरारला घरी जेवत होते.

हे सगळं विरारजवळच्या सातिवलीत, कारखान्याच्या एका गाळ्यात घडलं, दोन हजार साल उलटून गेल्यावर. राऊतभाऊ आमचे मालक. गिरीजचे, केळीच्या वाडीत वाढलेले, पण लोखंडाचं वेड. मसाल्याची पावडर वजन करून पाऊचमध्ये भरणारी मशीनं ते बनवायचे. लोखंडकाम आमचं, मशीनचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, बाहेरून विकत यायचा. तो बनवणारी कंपनी बंद पडली आणि आमची मशीनं बिनडोक्याची उभी राहिली. त्यातच एका मोठ्या मसालेवाल्यांनी विचारणा केली. ट्रायल बघणार, पसंत पडली तर ऑर्डर. ट्रायल दसऱ्यानंतर लगेच.

भाऊंनी सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं होतं, "ही ऑर्डर आली तर गाळा चालेल. नाही आली तर भाड्याने देऊन मोकळा होईन. मला आता ओढवत नाही."

कंट्रोलर आपणच बनवू, हे म्हणणारी मी. त्यासाठी एक छोटा बोर्ड घेतला होता. त्याची मेमरी इतकी कंजूष की सीडीवर मिळणारी लिनक्स नावाची तयार ऑपरेटिंग सिस्टीम त्यात मावेना. म्हणून लागेल तेवढीच ऑपरेटिंग सिस्टीम सोर्स कोडपासून बांधायची असं ठरलं. सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल असा लिहिलेला प्रोग्रॅम. मशीनला तो कळत नाही. कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. तयार लिनक्स म्हणजे गिरणीतून आणलेलं पीठ. मी गहू निवडायला बसले होते. आधी कंपायलर बांधायचा, मग सी लायब्ररी, म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्रॅम नेहमीच्या कामांसाठी जिच्याकडे हात पसरतात ती. मग कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि सगळ्यात शेवटी पाऊच भरणारा माझा प्रोग्रॅम. एक पायरी चुकली की वरच्या सगळ्या चुकतात.

गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज नाचायचं. सी लायब्ररीला आमच्या मरतुकड्या कॉम्प्युटरवर जवळजवळ अख्खा दिवस लागणार होता. म्हणून मी मुद्दाम खंडेनवमी निवडली होती. हत्यारांची पूजा, मशीनं बंद, वेल्डिंग बंद. याहून शांत दिवस कुठून मिळणार, असं मला वाटलं होतं.

आता मी हार बाजूला काढला आणि मेन स्विच वर करायला सांगितलं. हरेश्वर जागचा हलला नाही.

"उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत नाय, मॅडम. भाऊ रागावतील."

मी स्वतः वर केला.

डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवला. त्याने चुका सापडल्या म्हणून सांगितलं, दुरुस्त केल्या म्हणूनही सांगितलं. पण दुरुस्त म्हणजे फाईलींचा हिशोब जुळवला, एवढंच. लाईट गेली त्या क्षणी जे डिस्कवर लिहायचं राहिलं होतं ते परत येत नाही. फाईलचं नाव असतं, लांबी असते, आत मात्र नुसती शून्यं असू शकतात. आणि हजारो फाईलींतली कोणती तशी आहे, हे बाहेरून कळत नाही.

थोड्या वेळाने भाऊ आले, कपाळाला गंध, हातात पेढ्याचा पुडा. वर केलेला स्विच त्यांनी पाहिला आणि पुडा टेबलावर ठेवला.

"मॅडम, मला खरंच वाटलं बंद आहे. वर्षातून एक दिवस मशीनला आराम द्यायचा असतो. तुमचंही मशीनच की."

"भाऊ, पहिल्यापासून करावं लागेल."

"म्हणजे ट्रायल?"

"पुढे ढकला."

"ते नाही ढकलणार. त्यांच्याकडे आणखी एक पार्टी उभी आहे. अर्धं झालंय ना? तिथून पुढे नाही चालत?"

चालत होतं, तेच वाईट होतं. मेक नावाचा एक प्रोग्रॅम असतो. कोणती फाईल बांधून झाली आणि कोणती राहिली हे तो बघतो आणि राहिलेल्या बांधतो. पण तो फाईलच्या आत डोकावत नाही, फक्त तिची वेळ बघतो. मी मेक पुन्हा चालवला आणि तो गुमान पुढे निघाला. एक एरर नाही.

"बघा, चाललं की," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो कीबोर्डशेजारी ठेवला. भीती वाटत होती, आणि ती सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. एरर न दाखवणाऱ्या कॉम्प्युटरविरुद्ध मालकाला काय सांगायचं?

ट्रायलच्या सकाळपर्यंत बाकीचं सगळं बांधून झालं. बोर्ड सुरू झाला, मशीन हललं. हरेश्वरने लोखंडाचं काम इतकं चोख केलं होतं की पाऊच एकामागून एक वजनाला अचूक उतरू लागले. मसालेवाल्यांचे इंजिनिअर खाली वाकून बघत होते. भाऊ माझ्याकडे बघून हसले. खरं सांगते, तेव्हा मलाही आशा वाटली.

"छान," इंजिनिअर म्हणाले. "आता बॅच बदलून दाखवा. शंभर ग्रॅमवरून पन्नासवर."

बॅच बदलणं मी तपासलं होतं, पण गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर, तयार लिनक्सवर. बोर्डावर फक्त भरून बघण्यापुरता वेळ मिळाला होता. मी बटण दाबलं. प्रोग्रॅमने सी लायब्ररीला एक काम सांगितलं, आणि तिथे शून्यं होती. प्रोग्रॅम मेला. झडप उघडीच राहिली. मिरचीची पूड धो धो खाली पडायला लागली. मी प्लग उपटेपर्यंत गाळाभर ठसका. सगळे खोकत, डोळे पुसत बाहेर पळाले.

"कंट्रोलर बंद पडला तर झडप मिटायला नको?" बाहेर येऊन इंजिनिअरनी विचारलं.

"मिटायला हवी, सर."

"मग?"

त्यांनी भाऊंशी हात मिळवला, चहा नको म्हणाले आणि गाडीत बसले. ऑर्डर दुसऱ्या पार्टीला गेली.

पुढच्या दिवसांत मी सगळं पहिल्यापासून बांधलं. आता कोणी घाई करत नव्हतं. बोर्डावर तीच बॅच बदलली, व्यवस्थित बदलली. हरेश्वर शेजारी उभा होता.

"म्हंजे आपला मशीन बरोबर होता," तो म्हणाला.

"बरोबर होतं."

"मंग आता दाखवायचा कोनाला?"

जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी ठेवून मी एकेक फाईल ताडून पाहिली. एक फाईल वेगळी निघाली. तिची वेळ खंडेनवमीच्या दुपारची होती.

गाळा खोक्याच्या व्यापाऱ्याला गोडाऊन म्हणून गेला. हरेश्वर अर्नाळ्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. मला विरारमध्येच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली. काही महिन्यांनी भाऊंनी निरोप पाठवला, कॉम्प्युटर पडून आहे, घेऊन जा. मी गिरीजला गेले. भाऊ वाडीत केळीची वाळलेली पानं कापत होते. हातातला कोयता थांबवून त्यांनी विचारलं,

"मॅडम, खरं सांगा. त्या दिवशी मी स्विच खाली केला नसता, तर?"

सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मी ती फाईल डोळ्यांनी पाहिली होती, आणि ते माझ्याकडेच बघत होते.

"ऑर्डर मिळाली असती, भाऊ."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान कापलं. मग वहिनींना हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला माहीत.

आता क्लास सांभाळून नवीन ठिकाणी काम घेतलं की मी दोन गोष्टी आधी मागते. कॉम्प्युटरला विजेची स्वतंत्र लाईन, आणि मध्येच लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून बांधायची लेखी परवानगी. लाईन मिळते. परवानगी अजून एकाही मालकाने दिलेली नाही.